शेजारच्या खाटेवरची प्रार्थना

मर्सीताईच्या बोटांना लसणाचा वास येत होता, आणि आमच्या घरात त्या सोमवारी कोणी लसूण सोललाच नव्हता.

ती माझ्या मांडीवरून लिडियाला उचलून घेत होती. "दे इकडे, तू जेवून घे," म्हणाली. तिचे हात माझ्या नाकाजवळून गेले.

"हात धुतलेस?"

"धुतले की."

"परत धू."

तिने लिडियाला परत माझ्या मांडीवर ठेवलं. धाकट्या जावेने असं बोललेलं दुसऱ्या कुणाला खपलं नसतं, पण माझं सगळं खपवून घ्यायचं असं त्या घरात ठरून गेलेलं होतं. मोरीत नळ सुरू झाला. ती साबण लावून हात घासत होती, बराच वेळ. साबणाने लसूण जात नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. दर बुधवारी मी तेच करून बघत होते.

"कुठे गेली होतीस गं?" मी विचारलं.

"ब्लाउज टाकायला. शिंप्याकडे."

शिंप्याकडे कोणी लसूण सोलत नाही. जालन्यात आमच्या ओळखीच्या बायकांच्या हाताला भर दुपारी लसणाचा वास येईल अशी एकच जागा होती, आणि ती जागा माझी होती.

ती जागा म्हणजे पाळकसाहेबांच्या घराची मागची पडवी. आमच्या चर्चला नवे पाळक आले होते, आढावसाहेब. त्यांची बायको वत्सलाबाई पुण्याला समुपदेशनाचा कोर्स करून आली होती. कुणा बाईला मनातलं बोलायचं असलं तर दुपारी या, असं तिने पहिल्याच रविवारी सांगितलं होतं. गेलं की आधी ती पाट द्यायची, मग लसणाचे गड्डे समोर ओतायची. "हात मोकळे असले की माणूस तोंड बंद ठेवतो," म्हणायची. "सोल. सोलता सोलता बोल. नाही बोललीस तरी माझी चटणी होतेय." स्वतः बडीशेप चघळत बसायची. गोल चेहऱ्याची, जाड चष्म्याची बाई. मी पहिल्यांदा गेले तेव्हा वाटलं होतं, आता बायबल उघडेल, एखादं वचन काढेल आणि माझ्या कपाळावर चिकटवून घरी पाठवेल. तिने विचारलं, "दूध पुरतं का बाळाला?" मी रडायलाच लागले.

मी का जात होते ते सांगते.

लिडियाच्या आधी मला एक मुलगा झाला होता. त्याच आठवड्यात, त्याच दवाखान्यात मर्सीताईला शमू झाला. दोन्ही पोरं दिवस भरायच्या आधीच आलेली, दोघांनाही एकच जंतुसंसर्ग, दोघंही काचेच्या पेटीत. आम्ही दोघी शेजारशेजारच्या खाटांवर. एके दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत बघू. अख्खं चर्च दवाखान्याच्या व्हरांड्यात जमलं होतं. संध्याकाळी शमूने डोळे उघडले. माझ्या मुलाने नाही उघडले. त्याचं नावही ठेवलेलं नव्हतं.

तेव्हापासून दरवर्षी शमूच्या वाढदिवसाच्या रविवारी मर्सीताई उपासनेत पुढे उभी राहून साक्ष द्यायची. "त्या दिवशी मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत प्रभूच्या पायाशी होते. मी मागितलं, आणि त्याने दिलं." शमुवेल म्हणजे देवाकडे मागून घेतलेला. मंडळी "आमेन" म्हणायची. आमच्या सासूबाई, सुवार्ताबाई, डोळ्यांना पदर लावायच्या. मी शेवटच्या बाकावर बसून विचार करायचे, मी काय मागितलं होतं मग? मी तर दोघांसाठी मागितलं होतं. नुसतं स्वतःच्या पोरासाठी मागणं बरं दिसलं नसतं. आणि त्याने अर्धं दिलं. तेही शेजारच्या खाटेवर.

मग लिडिया झाली. सुदृढ होती, पण मला ते पटत नव्हतं. मी मायक्रोबायोलॉजीची पदवीधर. औरंगाबादला कॉलेजात असताना तळहात भिंगाखाली बघितलेले आहेत, तळहातावर काय काय नांदतं हे मला माहीत. मी बाटल्या उकळायचे, वाटी-चमचे उकळायचे, लोकांना दारातून परत पाठवायचे. बाळ झोपलं की नाकाखाली बोट धरायचे. बोटाला वारा लागला नाही असं वाटलं की माझ्याच छातीतून वारा निघून जायचा. प्रार्थना तर बंदच पडली होती. कुणी "प्रार्थना करू या" म्हटलं की सगळे डोळे मिटायचे आणि मी उघडे ठेवून बसायचे. एक गोष्ट कळली त्यातून: डोळे मिटलेली माणसं फार वेगळी दिसतात.

मर्सीताई शमूला माझ्याजवळ येऊ देत नसे. म्हणजे कधी बोलली नाही तसं. पण मी शमूकडे बघायला लागले की त्याला हाक मारायची, नाहीतर उचलून दुसऱ्या कडेवर घ्यायची. आम्ही ख्रिस्ती लोक दृष्ट लागते असं मानत नाही. मानत नसल्यामुळे काढतही नाही. नुसतं मूल या कडेवरून त्या कडेवर घेतो. मला कळत होतं ते. आणि खोटं कशाला बोलू, तो धावायला लागला की मी बघायचेच. तो उंच होत होता. माझा किती उंच झाला असता हे मला शमूवरून मोजावं लागत होतं.

तर अशा बाईला, जिच्याकडे सगळं होतं, पोरगा होता, साक्ष होती, सासूचं कौतुक होतं, तिला माझी पडवी कशाला हवी होती?

बुधवारी मी पाटावर बसले ती फुरंगटूनच.

"मर्सीताई येते तुमच्याकडे?"

"कोण येतं ते मी सांगत नसते," वत्सलाबाई म्हणाली. "तू येतेस हेही मी कुणाला सांगत नाही."

"तिच्या हाताला वास होता."

"मग आता बायकांना कांदे द्यायला लागतील. रडायलाही सोपं." ती स्वतःच हसली. मी हसले नाही. "बरं, तिला सोड. रविवारचं काय ठरलं तुझं?"

रविवारी लिडियाचा बाप्तिस्मा होता. सासूबाईंनी तो मुद्दाम शमूच्या वाढदिवसाला जोडून घेतला होता; म्हणजे एकाच पंगतीत दोन्ही कार्यं. आमच्याकडे बाळाच्या बाप्तिस्म्याला आईबापांना पुढे उभं करतात आणि पाळक विचारतात, या बालकाला प्रभूच्या विश्वासात वाढवाल का? दोघांनी मोठ्याने म्हणायचं, "प्रभूच्या साहाय्याने, होय." सगळ्या मंडळीसमोर. मला तो 'होय' म्हणता येणार नव्हता.

"नाही येणार मला म्हणता. खोटं बोलू का देवापुढे?"

"तो आहे की नाही तेच माहीत नाही म्हणतेस, आणि त्याच्यापुढे खोटं बोलायला घाबरतेस," ती म्हणाली. "बघ बाई. मला तर हे बऱ्याच होय म्हणणाऱ्यांपेक्षा बरं वाटतं."

"म्हणजे मी काय करू?"

"ते मी सांगितलं तर ते माझं होईल. तुझं काय आहे?"

"माझं काही नाही. माझं जे होतं ते तिला मिळालं."

हे बोलून गेल्यावर माझं मलाच ऐकू आलं. वत्सलाबाईने चष्मा काढून पुसला. आणि का कोण जाणे, मला तेव्हा वाटून गेलं, की हेच वाक्य तिने या पडवीत आधी कधीतरी ऐकलेलं आहे.

"प्रबोधला सांगितलंस?" तिने एवढंच विचारलं.

"नाही."

"नवऱ्याला सांग. रविवारी तो शेजारी उभा असणार आहे. त्याला एकदम तिथे कळायला नको."

मी घरी जाऊन प्रबोधला सांगितलं. सगळं. मी समुपदेशनाला जाते, मला प्रार्थना येत नाही, मला रविवारी 'होय' म्हणता येणार नाही. माझा नवरा मनाने चांगला आहे. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "तू काळजी करू नकोस." आणि चांगल्या घरातला ख्रिस्ती मुलगा अशा वेळी जे करतो तेच त्याने केलं. आईला जाऊन म्हणाला, "सुनीतीसाठी जरा प्रार्थना करा."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे चुगली करणं पाप आहे. पण प्रार्थनेची विनंती करणं पाप नाही. गुरुवारी भगिनी मंडळाची प्रार्थना असते, दर वेळी एकेकीच्या घरी. त्या गुरुवारी आमच्या घरी होती. सतरंज्या टाकल्या, बायका आल्या, "सलाम, सलाम" असा आमचा नमस्कार झाला, एक गीत झालं. मग सासूबाई म्हणाल्या, "विनंत्या सांगा." आणि लोंढेबाईंनी सुरुवात केली.

"सातपुत्यांच्या थोरल्यासाठी प्रार्थना करा."

"काय झालं?"

"ते प्रभूला ठाऊक आहे," लोंढेबाई म्हणाल्या, आणि आम्हालाही ठाऊक व्हावं म्हणून अंगठा तोंडाकडे नेऊन दाखवला.

"पुन्हा?"

"पुन्हा. देशी."

"प्रभू दया कर," शिरसाठमावशी म्हणाल्या. "आणि माझ्या गुडघ्यासाठी. उजव्या. गेल्या खेपेला तुम्ही डाव्यासाठी केली, तो बरा आहे."

बायका हसल्या. मग सासूबाईंनी घसा साफ केला. चाळीस वर्षं संडे स्कूल घेतलेला आवाज, शेवटच्या सतरंजीपर्यंत जाणारा.

"माझ्या धाकट्या सुनेसाठी प्रार्थना करा. तिचा विश्वास डळमळला आहे. रविवारी बाप्तिस्मा, आणि पोरगी म्हणते मला 'होय' म्हणता येणार नाही. ती पाळकीणबाईंकडे जाते सल्ल्याला, पण अजून म्हणावा तसा गुण नाही."

मी तिथेच बसले होते. लिडिया मांडीवर होती. सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर प्रेम होतं. खरंच होतं, तेच तर वाईट. पाळकीणबाई, म्हणजे वत्सलाबाई, कोपऱ्यात बसली होती. तिने सासूबाईंकडे असं बघितलं की दुसरी कुणी असती तर सतरंजी सोडून उठली असती. सासूबाई संडे स्कूलवाल्या. त्या म्हणाल्या, "चला, साखळी प्रार्थना करू. मावशी, तुम्ही सुरू करा."

साखळी म्हणजे एकीने बोलायचं, संपलं की शेजारणीचा हात दाबायचा, मग तिने बोलायचं. नको असेल तर नुसता हात दाबून पुढे पाठवायचं. मी तसंच पाठवत असे.

डोळे मिटले गेले. माझे उघडे.

शिरसाठमावशींनी देवाला माझ्याबद्दल सगळं पुन्हा सांगितलं, त्याला चुकून ऐकू आलं नसेल तर. लोंढेबाईंनी माझं शिक्षण झाल्यामुळे असं झालं असेल का, अशी देवाजवळ शंका काढली. आणखी एकीने मला "हरवलेलं मेंढरू" म्हटलं. माझे कान तापले होते. प्रबोधचा राग येत होता, सासूबाईंचा येत होता, पण सगळ्यात जास्त मर्सीताईचा येत होता, कारण साखळी फिरत फिरत आता तिच्याकडे निघाली होती. ती माझ्या डाव्या हाताला बसलेली. आता ही माझ्यासाठी प्रार्थना करणार. गोड आवाजात. हिचं ऐकलं जातं ना, हिचा हिशेब देवाकडे चोख. मी ठरवलं, हिने माझं नाव घेतलं की मी उठून आत जायचं, लोक काहीही म्हणोत.

तिचा हात दाबला गेला.

मी बघत होते. तिचे डोळे मिटलेले, ओठ हलत होते, आवाज नव्हता. शमू तिच्या पाठीला टेकून चॉकलेटच्या कागदाशी खेळत होता.

"प्रभू," ती म्हणाली. "माझ्या जावेचा विश्वास कमी नाही. कमी नव्हता. मी शेजारच्याच खाटेवर होते. ती सकाळपासून बोलत होती तुझ्याशी. माझं नाव घेऊन, माझ्या बाळासाठीसुद्धा. मी ऐकत होते. आणि मग मला झोप लागली."

कुणीतरी सवयीने "आमेन" म्हणालं.

"मला झोप लागली, प्रभू. तुला ठाऊक आहे. संध्याकाळपर्यंत मी झोपले होते. मी काही मागितलं नाही. तिने मागितलं आणि मला मिळालं. आता तिला नको विचारूस काही. मला विचार. पण शमूला..." तिने हात मागे नेऊन शमूला धरलं. "शमूला परत नको मागूस. मी साक्ष देते दरवर्षी. खोटी आहे, पण देते. तो राहू दे."

खोलीत पंखा फिरत होता. मी सगळ्यांचे चेहरे बघितले. डोळे कुणी उघडले नव्हते. उघडले असते तर एकमेकींकडे बघावं लागलं असतं. पाळकीणबाईचा हात तोंडावर होता. सासूबाई मात्र डोळे मिटल्या मिटल्या भराभर बोटं चाळवत होत्या, आणि मग त्यांनी एकदम एक गीत सुरू केलं, फार वरच्या पट्टीत. बिचाऱ्या बायका मागोमाग ओढल्या गेल्या. साखळी तिथेच तुटली.

आमच्याकडे प्रार्थनेत बोललेलं बाहेर बोलायचं नसतं. म्हणजे सगळ्यांना कळतं आणि कुणीच बोलत नाही. चहा झाला, चिवडा झाला, मावशींनी गुडघा दाखवला. बायका गेल्या.

मर्सीताई मागच्या नळावर कप धूत होती. मी बाळाला आत निजवून आले आणि धुतलेले कप पुसायला घेतले.

"झोप?" मी म्हटलं.

"टाके दुखत होते. सिस्टरने गोळी दिली होती. अगं, तू बोलत होतीस ना, बारीक आवाजात, एका सुरात, ते ऐकता ऐकता लागली." तिने वर बघितलं नाही. "आपल्या सासूबाई दारातून डोकावल्या तेव्हा मी उशीत तोंड खुपसून पडले होते. त्यांना वाटलं, मी प्रार्थना करतेय. बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितलं, माझी मर्सी सकाळपासून तोंड वर काढत नाहीये. मी जागी झाले तेव्हा शमू बरा होता आणि मी विश्वासाची वीर होते. तुझं बाळ..." तिने नळ मोठा केला. "तेव्हा कसं सांगणार, की मी घोरत होते?"

"घोरत नव्हतीस," मी म्हटलं. "मला ऐकू आलं असतं."

ती ओल्या हाताने तोंड दाबून हसली आणि मग रडायला लागली.

"म्हणून शमूला माझ्यापासून लांब ठेवतेस?"

"तू त्याच्याकडे बघितलंस की मला वाटतं, हिला कळलं. हिला कळलं की हा हिच्या मागण्याने आलेला आहे."

"मला वाटायचं, तुला माझी दृष्ट लागेल असं वाटतं."

"तेही वाटायचं थोडं," ती म्हणाली.

मी कप पुसत राहिले. मला तिची दया यायला हवी होती. आली नाही. मला वाटत होतं, म्हणजे हेसुद्धा हिनेच नेलं. माझं दुःख सोमवारी वत्सलाबाईच्या पाटावर नेऊन सोललं, आणि मी बुधवारी जाते तेव्हा ते तिथे आधीच शिळं झालेलं असतं.

"तुझा मला किती हेवा वाटतो माहितीय?" मर्सीताई म्हणाली.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "माझा?"

"तू जागी होतीस."

"आणि काय मिळालं मला?"

"ते नाही म्हणत मी. तुला निदान ठाऊक आहे ना, की तू मागितलं होतंस. तू रडलीस तर लोक पाणी आणून देतात. चिडलीस तर म्हणतात, बिचारी. मी रडले तर म्हणतील, देवाने एवढं दिलं तरी रडतेय कृतघ्न. मला एकदा तरी शेवटच्या बाकावर बसायचंय गं. साक्ष द्यायला कुणी बोलवू नये असं."

मी म्हटलं, "त्या कपाला साबण राहिलाय." तिने तो परत विसळला.

रविवारी चर्च भरलेलं होतं. सासूबाईंनी मोरपिशी साडी नेसली होती आणि गुरुवार जणू पंचांगातच नव्हता. गीतानंतर त्यांनी पुढच्या बाकावरून मागे वळून मर्सीताईला खूण केली. मर्सीताई शमूचा हात धरून पुढे गेली. मी शेवटच्या बाकावर होते, प्रबोध शेजारी, लिडिया पांढऱ्या झग्यात. मी मर्सीताईकडे बघत होते. तिलाही ठाऊक होतं, मी बघतेय.

"शमू आज चार वर्षांचा झाला," ती म्हणाली. "तो बरा आहे. उंच होतोय." ती थांबली. मंडळी वाट बघत होती. ते वाक्य सगळ्यांना पाठ होतं, काहींचे ओठ तर आधीच आमेनसाठी उघडलेले. तिने दोनदा श्वास घेतला. "प्रभूची दया आहे," म्हणाली, आणि खाली आली.

तिने 'मी मागितलं' म्हटलं नाही. 'मी झोपले होते' असंही म्हटलं नाही. मधल्या जागेतून निघून गेली.

"वाक्य विसरली," सासूबाई शेजारच्या बाईला म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू.

मग आम्हाला बोलावलं. त्या मधल्या वाटेने मी लिडियाला घेऊन चालत गेले. प्रबोधने वाटेत माझ्या पाठीला हात लावला. गुरुवारपासून तो माझ्याशी अपराध्यासारखा वागत होता. "तू नाही म्हणालीस तरी मी आहे," असं सकाळी बूट घालता घालता म्हणाला होता. पण चर्चमध्ये दीडशे माणसं होती आणि त्यातल्या सगळ्या बायकांनी माझ्यासाठी प्रार्थना केलेली होती. त्यांना गुण आलेला बघायचा होता.

आढावसाहेबांनी पुस्तकातून वाचलं. मग प्रश्न विचारला. "तुम्ही या बालिकेला प्रभूच्या विश्वासात आणि शिक्षणात वाढवाल का?"

"प्रभूच्या साहाय्याने, होय," प्रबोध म्हणाला.

पाळकसाहेब माझ्याकडे वळले. होय म्हणणं फार सोपं होतं. ते अगदी जिभेवर येऊन बसलं होतं. एवढा एक शब्द म्हटला की सासूबाईंच्या डोळ्याला पदर, मंडळीचा आमेन, पुढच्या वर्षी माझीही साक्ष. 'माझा विश्वास डळमळला होता, बहिणींनी प्रार्थना केली.' मग दरवर्षी. मला ती सगळी वर्षं दिसली.

"मी तिला खोटं सांगणार नाही," मी म्हटलं.

माझा आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. कुठेतरी बाक करकरलं. पाळकसाहेबांनी पुस्तकात बघितलं. तिथे हे उत्तर नव्हतं. त्यांनी बायकोकडे बघितलं. वत्सलाबाई पर्समध्ये बडीशेप शोधत होती.

"सुनीती," ते खाली वाकून हळूच म्हणाले, "हे 'होय' समजू का?"

"सध्या एवढंच आहे माझ्याकडे. मला जे ठाऊक आहे ते तिला ठाऊक आहे म्हणून सांगेन, नाही ते नाही म्हणून सांगेन. इथे तिला आणत जाईन. तुमच्या लोकांपासून लांब नाही ठेवणार."

त्यांनी पुस्तक मिटलं. साधा माणूस होता, शेतकी शाळेत शिकून मग पाळक झालेला. मग त्यांनी मंडळीकडे बघून सांगितलं, "आईने उत्तर दिलेलं आहे," आणि पाण्यात हात घातला.

लिडियाने असा टाहो फोडला की पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही.

चर्चच्या मागच्या आवारात पंगत होती. सासूबाई मला म्हणाल्या, "एका शब्दाचं उत्तर होतं. सगळ्या परीक्षांना पुरवण्या जोडायची सवय लागलीय तुला." पण लिडिया त्यांच्या खांद्यावर होती आणि त्या तिच्या ओल्या डोक्यावर फुंकर घालत होत्या. शिरसाठमावशींनी सांगितलं की त्या माझ्यासाठी प्रार्थना चालूच ठेवणार. मी म्हटलं, ठेवा.

मर्सीताई बिर्याणीच्या पातेल्याजवळ उभी होती, झारा हातात. मी कांदा-लिंबाचं ताट घ्यायला गेले.

"मला पुन्हा तुझा हेवा वाटला," ती म्हणाली. "मघाशी. मला नाही जमलं आणि तू बोललीस."

"वाटू दे," मी म्हटलं. "माझाही अजून संपलेला नाही."

ती हसली. तिला वाटलं, मी गंमत केली. शमू आमच्या दोघींच्या मधून पळत गेला, त्याला कुणीतरी फुगा दिला होता, आणि मी त्याच्याकडे बघितलं. नीट, पोटभर, तो पार फाटकापर्यंत जाऊन येईपर्यंत. मर्सीताईने त्याला हाक मारली नाही. ती माझ्या शेजारी झारा धरून उभी राहिली आणि मी बघत होते तोवर तीही बघत राहिली.

"चला, वाढा लवकर," लोंढेबाई ओरडल्या. "लोकं ताटं वाजवायला लागली!"

आम्ही पंगतीत गेलो. पुढे ती, बिर्याणी घेऊन. मागे मी, कांदा-लिंबू.